शपथ कोणीं घ्यावी?

आमच्या खेडेगांवच्या मंडळ्यांत एक जुनी चाल आहे. कोणी बंधु दारूच्या नादीं लागला, म्हणजे वडील त्यास बोलावितात, पाळक कानउघाडणी करितात, आणि रविवारीं उपासना संपल्यावर सर्वांसमक्ष त्याजकडून शपथ घेवविली जाते. शपथ पाळली तर देवाची स्तुति होते. मोडली तर प्रभुभोजनाच्या यादींतून त्याचें नांव निघतें. ह्या चालीचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं स्वतः ती पंधरा वर्षें चालविली आहे. परंतु तिच्या मुळाशीं जो प्रश्न आहे त्याचा विचार आम्हीं फार उशिरां केला, आणि तो कशामुळें केला हें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमच्या एका मंडळींत एक गवंडी होता. त्याच्यासारखा हात आसपासच्या गांवांत नव्हता; मंदिराची पडवी त्यानेंच बांधून दिली होती. पुढें मजल अशी गेली कीं, सकाळीं उठल्याबरोबर घोटभर घेतल्याशिवाय त्यास थापी धरवत नसे. एके रविवारीं आम्हीं त्याजकडून शपथ घेवविली: आजपासून थेंबही नाहीं. त्यानें ती पाळली. सोमवारीं त्याचे हातपाय थरथरूं लागले, घाम सुटला, रात्रीं आकडी आली. मंगळवारीं रात्रीं भिंतीवर किडे चालतात म्हणून तो ओरडूं लागला. शेजारी म्हणाले, बाहेरचें कांहीं लागलें. आमच्यांतले एक वडील म्हणाले, सैतान निघून जातांना असा त्रास देतोच, प्रार्थना करा. आम्ही प्रार्थना करीत बसलों. त्याची बायको मात्र उठली, तिनें कोणाची तरी जीप आणविली आणि नवऱ्यास रुग्णालयांत नेलें. डॉक्टरनें विचारिलें, "एकदम बंद करावयास ह्यास कोणीं सांगितलें?" उत्तर आम्हांजवळ होतें, पण तोंडांतून निघेना.

तो वाचला. डॉक्टरनें मग आम्हांस जें समजाविलें तें प्रत्येक उपदेशकानें मनांत धरून ठेवावें. दारू मेंदूस गुंगवून ठेविते, आणि मेंदू वर्षानुवर्षें तिच्याविरुद्ध जोर लावीत असतो. ती अकस्मात् नाहींशी झाली कीं तोच जोर बेलगाम सुटतो. कंप पहिल्याच दिवशीं येतो, आकडी बहुधा पहिल्या दोन दिवसांत, भ्रम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून; आणि त्यांत माणूस दगावतोही. औषधें देऊन हा काळ सुखरूप पार पाडतां येतो. म्हणून जो रोज, आणि तोही सकाळपासून पितो, त्यास डॉक्टरकडे नेल्यावांचून एकदम सोडावयास लावूं नये. आम्हीं तें केलें होतें, आणि तेंही पुण्यकर्म म्हणून.

येथें कोणी विचारील, तर मग व्यसन हें पाप नव्हे, रोग आहे, असें का? आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व अमली पदार्थ यांच्या अतिसेवनाशीं निगडित अशा मनाच्या विकारांस मानसिक आजारांतच धरिलें आहे. परंतु रोग म्हटल्यानें बायकोस दिलेल्या माराचा हिशेब फिटत नाहीं, आणि विकलेली ज्वारी कणगींत परत येत नाहीं. क्षयाच्या रोग्याकडे पाहा. खोकला हा त्याचा अपराध नव्हे. पण अंगणांत थुंकणें आणि औषध अर्ध्यावर टाकणें ह्याचा जबाब त्यासच द्यावा लागेल. तें औषध त्याच्या हातीं पोंचतें कीं नाहीं, ह्याचा जबाब मात्र इतरांकडे आहे. पाप कीं रोग ह्या वादांत ही दुसरी बाजू कोणी काढीत नाहीं. ती सोयीची नाहीं.

आमचा गवंडी चार महिने कोरडा राहिला आणि भाच्याच्या हळदीच्या रात्रीं प्याला. वडिलांच्या सभेंत एकजण म्हणाले, "तो लबाड आहे, नांव काढा." तो लबाड होता काय? परत देण्याचें मनांत नसतां जो कर्ज काढितो तो लबाड. ह्या मनुष्यानें शपथ घेतली तेव्हां ती खरी होती. तिच्यापायीं तो मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला होता. ज्यास संध्याकाळचा भरंवसा देतां येत नाहीं त्याजकडून आम्हीं जन्माचा दस्तऐवज लिहून घेतला, आणि आमच्या बाजूनें त्यावर कोणाचीच सही नव्हती. हळदीस दारू असणार हें सर्वांस ठाऊक होतें. मंडळींतले चौघे पुरुष तेथें जेवावयास होते. त्याच्या पंगतीस एकही बसला नाहीं.

१९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं दोन पिणाऱ्यांची गांठ पडली: शेअर बाजारांतला बिल विल्सन आणि शस्त्रवैद्य डॉक्टर बॉब स्मिथ. बिल कांहीं महिने कोरडा होता, आणि दुसऱ्या पिणाऱ्यापाशीं बसून बोललें म्हणजे आपली तहान आवरते हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. डॉक्टरनेंही सोडली, पण थोड्याच आठवड्यांत एका वैद्यक परिषदेस गेला असतां पुन्हा प्याला. बिलनें त्याची संगत सोडिली नाहीं. तो उशाशीं राहिला, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळीं हात कांपूं नयेत म्हणून त्यानें स्वतः डॉक्टरास बियरची बाटली दिली. (आमच्या सभेनें दोघांचींही नांवें काढिलीं असतीं.) पुढें डॉक्टर मरेपर्यंत प्याला नाहीं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा संघ येथूनच निघाला. त्याचे सभासद केवळ आजच्या दिवसाचा निर्धार करितात, आणि पडलेल्यासाठीं खुर्ची रिकामी ठेवितात.

हें शहरांतल्या शिकलेल्यांचें काम, असें कोणी म्हणेल. गोव्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्याचें वृत्त २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्याशीं बोलावयास जे बसत ते डॉक्टर नव्हते. थोडें शिक्षण दिलेलीं साधीं माणसें होतीं, आणि बैठका फार तर चार. तीन महिन्यांनीं पाहिलें तों, ज्यांस हा सहवास मिळाला त्यांपैकीं शेंकडा ४२ जण मागील पंधरवड्यांत प्याले नव्हते. ज्यांस नेहमींचीच सेवा मिळाली त्यांत शेंकडा १८. आमच्या उपदेशकांस हें कां साधूं नये?

आणि घरची बाई? आम्हीं तिचा विचार सर्वांच्या शेवटीं केला, हें लाजेनें लिहितों. पुण्यास १९८६ सालीं अनिता व अनिल अवचट यांनीं सुरू केलेल्या मुक्तांगणांत पत्नींच्याही बैठका होतात. आमच्या त्या बहिणीस कित्येक महिने झोंप नव्हती. १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयीं फुकट बोलतां येतें, हें तिला आमच्या उपदेशकाच्या मुलीनें सांगितलें, आम्हीं नव्हे.

त्या सभेंत नांव काढिलें नाहीं. त्याऐवजीं चौघांनीं शपथ घेतली, हळदीस जेवलेल्या त्याच चौघांनीं: बाजारच्या दिवशीं मजुरी हातीं पडल्यावर एकानें त्याच्याबरोबर घरापर्यंत चालावें, आणि तो पडला तर दुसऱ्या सकाळीं दारीं जावें. त्यानंतर गवंडी दोनदां पडला आहे. चौघांनीं आपली शपथ किती वेळां मोडली हें आम्हीं मोजलें, तेव्हां आंकडा त्याच्यापेक्षां बराच मोठा निघाला. येत्या बाजारीं एका वडिलांस परगांवीं जावयाचें आहे. त्यांची पाळी आम्हांकडे आली आहे.