थेंबांचा हिशेब

"सिस्टर, अशक्तपणा लई आलाय, एक बाटली लावा की." ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत ही मागणी रोजची. चालत आलेल्या, जेवूखाऊ शकणाऱ्या माणसाला ती का नको, हे समजावण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात दोन बाटल्या लावून होतील. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी कुणी समजावत बसत नाही.

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलिलिटरमध्ये साखर 25 ग्रॅम, म्हणजे फार तर शंभरेक कॅलरी. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. एक भाकरी याहून जास्त ताकद देते. पण व्हिटॅमिनचं इंजेक्शन टोचून पाणी पिवळं केलं, की ती 'ताकदीची बाटली' होते. बिलही त्याच हिशेबाने वाढतं.

जुलाबाने डोळे खोल गेलेल्या, पाणीही गिळू न शकणाऱ्या मुलाला हीच नळी वाचवते, यात वाद नाही. पण पिता येत असेल तर? 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. तरी आजही ओआरएसचं पाकीट हातात दिलं, की पेशंटचा चेहरा पडतो.

डेक्स्ट्रोजमधली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. ते जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते, लहान मुलांना तर झटकेही येतात. डोक्याला मार लागलेल्याला ते टाळतात ते याचसाठी. सलाईनचा धोका वेगळा. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर पाणी फुप्फुसात साठतं. डेंगीत तर काल जो वेग योग्य होता, तोच ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत घातक ठरू शकतो, कारण रक्तवाहिन्यांबाहेर झिरपलेलं पाणी परत आत येऊ लागतं.

बाटली लावण्याआधी मी ती उजेडासमोर धरते. आत काही तरंगतंय का, दाबल्यावर कुठून गळतंय का, तारीख काय. मग घड्याळ समोर धरून थेंब मोजायचे. आमच्या साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. चार तासांत 500 द्यायचं तर मिनिटाला साधारण 42. मी पाठ फिरवली की नातेवाईक चाक फिरवून वेग वाढवतात. त्यांना शेवटची एसटी गाठायची असते.

बाटली संपत आली की "हवा जाईल" म्हणून तीन जण धावत येतात. धाप लागली, आडवं झोपवेना, तर मात्र कुणी उठवत नाही. सकाळी सांगतात, रात्रभर बसूनच होता. म्हणून हल्ली बाटलीकडे बघू नका म्हणते. श्वासाकडे बघा, आणि लघवी किती झाली ते मापाने लिहून ठेवा.