घर सोडणे आणि घर सुटणे

लीळाचरित्राच्या एकांकात नीळभट भांडारेकारांची कथा येते. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभू एकाकी परिभ्रमण करीत असता भंडारा येथे नीळभटांना श्रीमूर्तीचे दर्शन घडले, वेध लागला, आणि घरदार मागे टाकून ते स्वामींच्या मागोमाग निघाले. भंडाऱ्याचे नाव निघताच पंथीयांस ही लीळा आठवावी, हे स्वाभाविकच होय. त्याच भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसेखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते एका मोठ्या धरणाची पायाभरणी झाली. त्या धरणाच्या पाण्यासाठी भंडारा आणि नागपूर या दोन जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. घरदार मागे टाकून निघणारी माणसे या भूमीने अशी दोनदा पाहिली. पहिल्या प्रसंगाची लीळा झाली. दुसऱ्या प्रसंगाच्या धारिका झाल्या, आणि त्या कचेऱ्यांच्या कपाटांत पडून राहिल्या.

या दोन निघण्यांत भेद कोणता, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. दोघांच्याही माथ्यावरचे छप्पर गेले. दोघांनाही उद्याच्या घासाची शाश्वती उरली नाही. आचार प्रकरणात भिक्षुकाला सांगितलेली स्थिती पाहावी. त्याने स्वदेश सोडावा, आप्तसंबंध सोडावेत, अपरिचित प्रदेशात झाडातळी राहावे, घरोघरची भिक्षा मागून देह धारण करावा. ही स्थिती जशीच्या तशी रस्त्याच्या कडेला पडलेल्या निराश्रिताची आहे. त्याचाही देश सुटलेला, आप्त दुरावलेले, वास झाडातळी आणि अन्न दुसऱ्याच्या दारचे. बाह्य लक्षणांनी पाहता एकाला साधक म्हणावे आणि दुसऱ्याला दुर्दैवी, यास आधार सापडत नाही.

आधार मराठी भाषेनेच ठेवला आहे. ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ ही दोन क्रियापदे एकाच धातूकुळातील असली तरी त्यांच्यात कर्त्याचे अंतर आहे. सोडतो त्याच्या हाती काही तरी असते, आणि ते ठेवण्याचे सामर्थ्य असूनही तो सोडतो. ज्याचे सुटते त्याला कोणी विचारलेलेच नसते. अनुसरण ही कर्त्याची कृती आहे. तिच्यामागे बोध आहे, वैराग्य आहे, परमेश्वराची ओढ आहे. बोधावाचून घडलेला गृहत्याग हा त्याग नसून हानी होय. म्हणून “घर गेले ते बरेच झाले, संसार असार आहे, आता तरी ईश्वराकडे वळ” असा उपदेश विस्थापिताला करणारा मनुष्य वैराग्याचे माहात्म्य सांगतो असे दिसत असले, तरी वस्तुतः तो वैराग्याचीच अवहेलना करीत असतो. दुसऱ्याच्या हातून हिसकावलेली वस्तू त्याने दान केली, असे म्हणण्यासारखेच ते आहे.

याहून अवघड आक्षेप कर्माच्या बाजूने येतो. जीव आपल्या कर्माची फळे भोगतो, हा सिद्धान्त पंथाला मान्य आहे. मग निराश्रिताचे दुःख हेही त्याचेच कर्मफळ. त्यात इतरांनी हात का घालावा? असा प्रश्न विचारणारे धर्मशील लोक काही थोडे नाहीत. या आक्षेपात दोन चुका आहेत. एक अशी की, कर्मसिद्धान्त भोगणाऱ्याला धीर देण्यासाठी आणि करणाऱ्याला सावध करण्यासाठी सांगितलेला आहे. पाहणाऱ्याला मोकळे करण्यासाठी नव्हे. पाहणाऱ्याचे पाहून न पाहणे हेही कर्मच आहे, आणि त्याचे फळ त्याच्याच खाती जमा होते. दुसरी चूक अधिक गंभीर. अमक्याचे दुःख अमक्या कर्माचे, हे जाणणारा एकच, म्हणून तर त्यास सर्वज्ञ म्हणावयाचे. ते ज्ञान स्वतःकडे असल्याप्रमाणे शेजाऱ्याच्या दुःखाचा निवाडा करणारा गृहस्थ नकळत कोणाच्या आसनावर बसतो, याचा त्याने विचार करावा.

शिवाय गोसेखुर्दच्या बाबतीत कारण शोधण्यास पूर्वजन्मापर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. ते ह्याच जन्मी, कागदोपत्री उपलब्ध आहे. नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी, हा धरणाचा हेतू. हेतू लोककल्याणाचा, यात शंका नाही. परंतु कल्याण ज्यांचे व्हावयाचे ते एक आणि किंमत ज्यांनी द्यावयाची ते दुसरे, अशी विभागणी झाली. किंमत देणाऱ्यांतही पुन्हा दोन थर पडले. ज्याच्या नावे सातबारा होता त्याच्या जमिनीचे मोल ठरले. ते पुरेसे की अपुरे, यावर वर्षानुवर्षे मोर्चे आणि उपोषणे झाली. ज्याच्या नावे सातबारा नव्हता, त्याच्या जाण्याचे मोल कशाने करावे? वैनगंगेच्या पात्रात मासे धरणारा ढिवर, उन्हाळ्यात नदीच्या रेतीवर टरबूज-डांगराची वाडी लावणारा, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणारी बाई, यांची उपजीविका नदीने आणि गावाने चालविली होती, कोणत्याही उताऱ्याने नव्हे. नदी तीच राहिली. परंतु तिचा जलाशय झाला, आणि रेती पाण्याखाली गेली.

महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, पुढे १९८६ आणि १९९९ साली तो नव्याने केला. नव्या गावठाणात रस्ता, शाळा, पिण्याचे पाणी, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधा द्याव्यात, असे ठरलेले आहे. अठरांच्या त्या यादीत स्मशानभूमी आहे, हे योग्यच. काम मात्र त्या यादीत नाही. गोसेखुर्दच्या विस्थापितांसाठी शासनाने सुमारे बाराशे कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले ते २०१३ साली. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेले मूल तेव्हा पंचवीस वर्षांचे झाले होते. मोबदला कागदावर आईबापांच्या नावे. वाढलेल्या मुलांची वेगळी चूल मांडावयास जागा नाही. रोख पैसा हाती आला, आणि पिकवावयास जमीन नाही, तेव्हा तो किती दिवस टिकावा? घर एका दिवसात बुडते असे नाही. ते आधी पैशात रूपांतरित होते, मग पैसा सरतो, मग नागपूरच्या वाटेवर एखादे कुटुंब दिसते. तेथे त्याला विस्थापित म्हणत नाहीत, भिकारी म्हणतात.

भिकाऱ्याविषयी कायदा काय म्हणतो, हे भिक्षुकांनी अवश्य जाणून घ्यावे. १९५९ साली मुंबई राज्यात भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. भीक मागणारा कोण, याच्या व्याख्येत ज्याच्या उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि जो भिक्षेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत सार्वजनिक जागी भटकतो, असा मनुष्यही धरलेला आहे. पहिल्याच वेळी त्याला किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे संस्थेत डांबता येते; पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. उपजीविकेचे दृश्य साधन नाही, आणि भटकतो! अटन करणाऱ्या भिक्षुकाचे याहून नेमके वर्णन शोधूनही सापडणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्या शहरापुरत्या या कायद्याच्या अनेक तरतुदी रद्द केल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही, रस्त्यावरून भिकारी हटवावेत या मागणीकडे उच्चभ्रूंच्या दृष्टीने पाहण्यास नकार दिला, आणि माणूस भीक मागतो तो दारिद्र्यापायी, हे मान्य केले.

भिक्षुक या व्याख्येत बसत असूनही त्याला कोणी हटकत नाही, कारण त्याच्या वेषामागे सातशेहून अधिक वर्षांची परंपरा उभी आहे. मात्र ती परंपरा नेहमीच सन्मानाची नव्हती, हे विसरून चालणार नाही. सकळा लिपीच्या आड ग्रंथ झाकून ठेवण्याची वेळ याच पंथावर आली. ‘मानभाव’ हा शब्द मराठीत ढोंग्यासाठी रूढ झाला, तोही याच पंथाला उद्देशून. संशयाने पाहिले जाणे, गावकुसाबाहेर थांबविले जाणे, हे ज्यांनी पिढ्यानपिढ्या सोसले त्यांनी दाराशी आलेल्या निराश्रिताकडे त्याच संशयी नजरेने पाहावे, हे विलक्षण होय. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात मातंगांच्या घरी जात, त्यांच्या पाण्याची चिंता वाहत. गाव त्यांना माय आणि बाप म्हणे. ज्यांना गावाने बाहेर ठेवले होते त्यांच्या घरी जाण्याआधी राऊळांनी त्यांची पात्रता तपासल्याचे कोठे आढळत नाही.

येथे वासनिकांची एक प्रामाणिक अडचण आहे. दान सत्पात्री करावे, असे त्यांना शिकविलेले आहे. भिक्षुकाला दिलेल्या अन्नाने परमेश्वराशी संबंध जोडला जातो. रस्त्यावरच्या माणसाला दिल्याने काय जोडले जाते? उत्तर असे की, या दोन भिन्न कृती आहेत आणि एकीने दुसरीचे ऋण फिटत नाही. भिक्षुकाला देणे हे भक्तीचे अंग, भुकेल्याला देणे हे अहिंसेचे. किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्याच्या दाराशी माणूस उपाशी राहिला, तर ते जपणे अपुरे पडले. पात्रतेचा विचार पहिल्या ठिकाणी करावा. दुसऱ्या ठिकाणी भूक हीच पात्रता.

राहता राहिला भिक्षुकांपुढील प्रश्न, आणि तो पवनीच्या बाजूला अटन करणाऱ्यांना आजही पडेल. पुनर्वसित गावठाणात एखादे घर असे असते की, तेथे झोळी पुढे करावयास संकोच वाटतो. घरात धान्याची टंचाई स्पष्ट दिसते. ते दार टाळून पुढे जावे, अशी इच्छा दयेपोटीच होते. पण भिक्षेचा दंडक घरे निवडण्याचा नाही, आणि त्या दंडकात एक खोल माणुसकी आहे. ज्या घराला गेली अनेक वर्षे केवळ अर्ज करण्यासाठीच हात पुढे करावा लागला, त्या घराला देण्यासाठी हात पुढे करण्याची संधी त्या झोळीने मिळते. मूठभर भात पडेल, किंवा काही न पडता नुसता “दंडवत” ऐकू येईल. भिक्षुकाने तेथे थांबावे. आणि संध्याकाळी झोळीत उरेल ते परतीच्या वाटेवर कोणाच्या पानात घालावे, हे त्याला त्या घराच्या उंबऱ्यावर उभे असतानाच कळलेले असेल.