वकिलाच्या कारकुनाला वकील व्हायचं असेल तर

वकीलपत्र कसं भरायचं, नकलेचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, मुदतीच्या अर्जाला किती रुपयांचं तिकीट लागतं, हे वकिलाच्या मुरलेल्या कारकुनाला तोंडपाठ असतं. शाळा अर्ध्यावर सुटलेला असा एखादा कारकून उद्या म्हणाला, मला काळा कोट घालायचाय, तर आपण त्याला काय सांगणार?

वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था शाळेचा दाखला नसलेल्यालाही स्वतःच्या लेखी हमीवर दहावीला बसू देते. मग बारावी, मुक्त विद्यापीठाची पदवी, सीईटी, तीन वर्षांचं लॉ आणि शेवटी बार कौन्सिलची परीक्षा. लांबची वाट आहे, पण ती कोर्टात पोचते.

दुसरी वाट मात्र मधेच अडते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते शिक्षण सुटलेल्यांसाठीच. तिथे पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून दहावी-बारावीशिवायही पदवीला प्रवेश मिळू लागला. पण बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी अशा पदवीधराला लॉच्या प्रवेशासाठी अपात्र ठरवलं. पदवीच्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या माणसाला दहावीचं प्रमाणपत्र मागणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला काय येतं हे तपासा, आणि कसून तपासा.

कॅलिफोर्नियात लॉ कॉलेजची पायरी न चढताही वकील होता येतं. तिथे चार वर्षं वकिलाच्या किंवा न्यायाधीशांच्या हाताखाली शिकायचं, आठवड्याला अठरा तास. गुरूनं दरमहा परीक्षा घ्यायची. पहिल्या वर्षानंतर राज्याची परीक्षा, अखेरीस इतरांच्याच बरोबरीनं बारची. अब्राहम लिंकन उसन्या पुस्तकांवर कायदा शिकले. १८३६ साली त्यांना सनद मिळाली तेव्हा त्यांची सारी शाळा मिळून वर्षभराचीही नव्हती. आपल्याकडेही १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाआधी प्लीडर, मुखत्यार अशा लॉच्या पदवीविना मिळणाऱ्या श्रेणी होत्या.

पण अशिलाचं काय? कच्च्या वकिलापायी त्याची जमीन जाते, जामीन हुकतो. म्हणून परीक्षेत सूट मागणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुराव्याचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता कारकुनालाही इतरांइतकीच पक्की यायला हवी.

सवलत हवी ती वेळेची. लॉला ७० टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यांतच भरवावे लागतात. कोर्टाचं कामकाजही त्याच वेळात चालतं, आणि कारकुनाचं पोट त्या कामावर. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. कारकुनाची तर कोर्टात वर्षं गेलेली असतात. ती वर्षं वकिलाच्या सहीनिशी हजेरीत धरावीत, आणि सातनंतरचे वर्ग पुन्हा उघडावेत.