शोधनिबंध कोणत्या नियतकालिकाला द्यावा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2025मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली आणि कितीतरी मार्गदर्शकांचा आधार गेला. तत्त्वज्ञानातला शोधनिबंध कुठे द्यायचा, हे आता संस्थेने आणि शेवटी लिहिणाऱ्यानेच ठरवायचे आहे. यात रडण्यासारखे मला काही दिसत नाही. यादीने फसवणूक कुठे थांबली होती? तिच्या आधीच्या यादीतून मे 2018मध्ये 4,305 नियतकालिके वगळावी लागली. ‘केअर’ आली, तर तिच्यातल्या चांगल्या नियतकालिकांची नावे चोरून बनावट संकेतस्थळे उभी राहिली.

समजा, परभणी तालुक्यातल्या झरीत बसून कुणी मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’तल्या अद्वैतावर लिहिते आहे. तिच्या मोबाइलवर आधी निरोप येतो तो दोन दिवसांत स्वीकृती देणाऱ्यांचा: पैसे भरा, आयएसएसएन आहे. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. पण पदोन्नतीच्या फायलीत तो दाखल्यासारखा मिरवतो. दुसऱ्या टोकाला 1876पासून निघणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी नियतकालिक ‘माइंड’. तिथून बहुतेक लेख परत येतात, आणि एका वेळी एकाच ठिकाणी लेख देण्याचा दंडक असल्याने वाट पाहण्यात महिने जातात. शिवाय मुकुंदराज कोण, हे सांगण्यातच निम्मा लेख संपायचा. त्यापेक्षा बिमलकृष्ण मतिलालांनी 1970च्या सुमारास सुरू केलेले ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी’ जवळचे.

माझ्या मते निवडीची कसोटी एकच: आपल्याला उलट उत्तर देऊ शकेल असा वाचक तिथे आहे का?

असा वाचक खानदेशातल्या अमळनेरात होता. प्रताप शेठजींनी 1916मध्ये उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरातून 1925पासून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघू लागले; स्कॉटलंडमधले त्याच नावाचे त्रैमासिक 1950चे, म्हणजे पाव शतक धाकटे. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी अद्वैतातल्या अज्ञानाच्या प्रश्नावर एकमेकांशी न पटणारी मते मांडली आणि 1933मध्ये ती एकाच पुस्तकात छापली. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ त्या संस्थेचा संचालक होता. असा वाद जिथे रंगतो तिथे लेख द्यावा. गाव लहान की मोठे, हा मुद्दा गौण आहे. पुढे 1973मध्ये पुण्यातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघाले, नंतर मराठीत ‘परामर्श’ आले.

मराठीत लिहिले तर मोजले जात नाही, ही तक्रार खरी आहे. तत्त्वचिंतक मे. पुं. रेग्यांनी ‘नवभारत’ मासिकातून जे लिहिले, त्याची दखल मराठीबाहेर फारशी कुणी घेतली नाही. पण त्यांना प्रत्युत्तर देणारे वाचक मराठीत होते, आणि आजच्या पैसे घेऊन छापणाऱ्या बहुभाषिक ‘आंतरराष्ट्रीय’ अंकांना तेवढेही नसतात. चर्चासत्रांच्या विशेषांकांची गत तीच: यजमान महाविद्यालयाच्या कपाटात गठ्ठा, लेखकाच्या फायलीत झेरॉक्स.

शांकर अद्वैतावरचा नवा युक्तिवाद असेल तर इंग्रजीत जावे, लेख परत आला तर दुरुस्त करून पुन्हा द्यावा. मुकुंदराजांवरचा लेख मात्र आधी मराठीत यावा, कारण त्यातली चूक पकडू शकणारे लोक इथेच आहेत. आणि मार्गदर्शकांना एक विनंती: विद्यार्थ्याला नियतकालिकाचे नाव सुचवण्यापूर्वी त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक स्वतः वाचा.