एकट्याची कुस्ती

माढ्याचे आबा आणि बार्शीचे तात्या यांची कुस्ती आयुष्यात एकदाच झाली, आणि तीही बरोबरीत सुटली.

साल १९८३. दिल्लीच्या एशियाडमध्ये पैलवान सतपालने सुवर्णपदक घेतल्याला अजून वर्ष झालेलं नव्हतं. गावोगावच्या पोरांच्या अंगात कुस्ती शिरली होती. माढ्याजवळच्या एका गावच्या जत्रेत फड भरला. ताक, तेल, हळद, लिंबू घालून लाल माती मळलेली होती. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात झाली आणि ऊन कलल्यावर हलगीच्या कडकडाटात शेवटची जोड लागली. आबा अंगाने दणकट, तात्या चपळ. आबांनी ढाक मारायला बघावं आणि तात्यांनी निसटावं, तात्यांनी पट काढायला वाकावं आणि आबांनी मानेवर भार द्यावा, असं चाळीस मिनिटं चाललं. दिवेलागण झाली तरी पाठ कुणाचीच लागेना. शेवटी पंचांनी दोघांचे हात वर केले आणि इनाम निम्मं-निम्मं वाटून टाकलं.

पुढे दोघांनीही लंगोट खुंटीला लावला. उजनीचं पाणी आलं तसे आबा उसात रमले. तात्यांनी म्हशी पाळल्या. जत्रेच्या फडात मात्र दोघेही न चुकता पुढच्या रांगेत बसायचे, मोडक्या कानांचे, डोक्याला फेटा बांधलेले.

एका फडात मोठी जोड यायला उशीर झाला आणि त्यातच निवेदकाचा घसा बसला. माणसं उठायला लागली. पंचांनी घाईघाईत माईक आबांच्या हातात दिला. आबांनी काय बोलावं? त्र्याऐंशीची कुस्ती सांगायला सुरुवात केली.

"मी त्याला असा ढाकेला घेतला आन्..."

"खोटं!" गर्दीतून आवाज आला. तात्या उभे राहिले होते. "ढाक मारली, पर मला न्हाई. मी सरकलो, पंच पडला!"

फड हसून लोटपोट झाला. लोकांनी तात्यांनाही आखाड्यात ओढलं. आबा म्हणाले, "मी रोज शेरभर बदाम खायचो." तात्या म्हणाले, "ह्याच्या घरी बदामाचं चित्र हुतं. त्याच्याकडं बघत हा भाकरी खायचा." उशिरा आलेल्या जोडीला त्या दिवशी अर्धा तास कडेला थांबावं लागलं, कारण लोक म्हाताऱ्यांना सोडायला तयार नव्हते.

तिथून सुपाऱ्या सुरू झाल्या. कुर्डुवाडीचा गणेशोत्सव, मोडनिंबची शाळा, टेंभुर्णीतला सत्कार सोहळा, कारखान्यावरचा कामगार मेळावा. दोन खुर्च्या, दोन माईक, मागे एक हलगीवाला. आबांनी फुशारकी मारायची, तात्यांनी ती कापायची. शेवटी तात्या उभे राहून खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे, तेव्हा हसणारी माणसंही सावरून बसायची.

गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "आन् हे बगा," तात्या म्हणायचे, "जपानच्या इशीशी लांबलचक कुस्ती झाली. अंग गळालेलं. दोन कुस्त्यांच्या मधी अर्धा तास इसावा द्यायचा नियम. तरी लगीच रशियाच्या पैलवानासमोर उभं केलं. नियम सांगायला, त्येंच्या बाजूनं बोलायला, तितं आपलं एक माणूस न्हवतं." एवढं बोलून तात्या खाली बसायचे.

हे कार्यक्रम जुळवून द्यायचे गावातले एक निवृत्त गुरुजी. त्यांना मोठा आनंद. ते म्हणायचे, "आपल्या अकलूजचे द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे. तिघांचे तीन स्वभाव, म्हणून ऐकणारा कंटाळायचा नाही. तुमचंही तसंच आहे. जोडी मोडू नका."

पण एका कार्यक्रमानंतर लोकांचा घोळका तात्यांभोवती पडला. खाशाबांची गोष्ट ऐकून एका बाईंनी डोळ्याला पदर लावला होता. आबा एकटेच चहा पीत बसले. तो चहा त्यांना कडू लागला.

त्याच रात्री पुतण्याने मोबाईल पुढे केला. "आबा, हे बघा. अमेरिकेचा पैलवान मिक फोली. अंडरटेकर नावाच्या पैलवानानं १९९८ साली ह्याला पिंजऱ्याच्या छतावरून खाली फेकलं होतं. त्या एका रात्रीवर वीस वर्षांनी, २०१८ ला, ह्यानं दौरा काढला. नुसतं बोलायचं, लोकांना हसवायचं आणि तिकीट लावायचं. आता अंडरटेकरसुद्धा असेच कार्यक्रम करतो. बघा, एकटा माणूस, एक माईक. निम्मी सुपारी दुसऱ्याला कशाला?"

"त्यांचं ठरवून असतंय ना रं सगळं?"

"कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पडणं खरंच होतं."

आबा बराच वेळ तो व्हिडिओ बघत राहिले. फोली हसत हसत आपल्या पडण्याचीच गोष्ट सांगत होता. पण आबांच्या मनात राहिला तो फक्त एकटा माणूस आणि एक माईक.

पुढच्या सुपारीला तात्यांना निरोपच गेला नाही. तात्यांनीही विचारलं नाही.

पहिले काही कार्यक्रम बरे गेले. सुपारी पूर्ण, हार एकट्याला, फलकावर फोटोही एकट्याचा. पण हळूहळू आबांना काहीतरी खटकू लागलं. पूर्वी शेरभर बदाम म्हटलं की "खोटं!" ऐकू यायचं आणि हशा फुटायचा. आता शेरभर म्हटलं तर लोक नुसते मान डोलवत. मग आबांनी दोन शेर केले. चाळीस मिनिटांची कुस्ती दीड तासाची झाली. निसटून जाणारे तात्या आता पळून जाऊ लागले. अडवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे थापेला थांबायचं ठिकाण राहिलं नाही. आणि ज्या थापेला अडवणारं कुणी नाही, तिला हसायलाही कुणी नसतं. लोक जांभया देऊ लागले. आबांनी आणखी जोर लावला. छाती पुढे काढून ते सांगू लागले, "माझा डावा हात मोकळा सोडला हुता मी. शेवटपर्यंत त्याला हात लावायची त्याची छाती झाली न्हाई!"

ह्या वाक्याला टाळ्या पडायच्या. म्हणून ते वाक्य कायमचं झालं.

एकदा माढ्यातल्या एका तालमीत कार्यक्रम ठेवला होता. समोर मंडप नव्हता, मंडळाचे पाहुणे नव्हते. संध्याकाळची मेहनत आटोपून मातीने माखलेली पोरं मारुतीसमोर मांडी घालून बसली होती. कडेला त्यांचे वस्ताद. आबांनी नेहमीचं सगळं सांगितलं. डाव्या हाताचं वाक्य टाकलं आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या पडल्या नाहीत. पोरं एकमेकांकडे बघत होती.

आबांनी घाईने खाशाबांची गोष्ट काढली. ती आता तेच सांगत. गहाण पडलेलं घर, इशीबरोबरची कुस्ती, न मिळालेला विसावा. "नियम सांगायला, त्येंच्या बाजूनं बोलायला, तितं आपलं एक माणूस न्हवतं." शब्द तात्यांचे, थांबणंही तात्यांचंच.

तेवढ्यात चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराने हात वर केला.

"आबा, एक इचारू? दीड तास डावा हात मोकळा हुता, तर समोरच्यानं एकदा तरी दस्ती वढायची की. आमच्यातलं बारकं पोरगंबी वढतंय. त्येंनी का न्हाई वढली?"

वस्तादांनी डोळे वटारले, पण त्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसत होता. बाजारातल्या गर्दीला डाव्या हाताचं वाक्य शौर्याचं वाटत होतं. कुस्ती जाणणाऱ्या पोरांना त्यात गोम दिसली होती.

आबांना उत्तर ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं. एखादी थाप मारून वेळ निभावली असती. पण खाशाबांबद्दलचं ते वाक्य त्यांनी नुकतंच स्वतःच्या तोंडाने उच्चारलं होतं, आणि या तालमीत तात्यांच्या बाजूने बोलणारं एक माणूस नव्हतं. होते ते फक्त आबा.

त्यांनी माईक खाली ठेवला.

"पोरा, माझा डावा खांदा निखळलेला हुता. कुस्तीच्या आठ दिवस आधी, मेहनत करताना. हाडवैद्यानं बसवला आन् म्हनला, महिनाभर माती नको. पर घरी इनामाची गरज हुती. कुनाला सांगितलं न्हाई. सलामी झाली. खडाखडीत त्यानं माझं डावं मनगट धरलं आन् वढलं. माझ्या तोंडातनं आवाज निघाला न्हाई, पर डोळ्यांत पानी आलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. हात सोडला. त्यानंतर चाळीस मिन्टं त्या हाताला त्यानं बोटबी लावलं न्हाई. लावलं असतं तर मी पाच मिन्टांत चितपट झालो असतो."

तालमीत कुणी हललं नाही.

"कुस्ती सुटल्यावर कानात एवढंच म्हनला, 'हाडवैद्याकडं जाऊन ये.' आन् पोरांनो, पुढं गावोगाव माझ्या शेजारी बसून त्यानं माझ्या हर एक थापेला 'खोटं' म्हटलं. बदामाला म्हटलं, ढाकेला म्हटलं. पर एक खरी गोष्ट सांगितली असती तर सगळा वाद त्यानं जिंकला असता. ती मातूर त्यानं कधीच सांगितली न्हाई. आन् मी त्याच हातावर टाळ्या घेत फिरतोय."

मग टाळ्या पडल्या. त्या कुणासाठी होत्या हे आबांना बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आबा बार्शीला गेले. तात्या गोठ्यात धार काढत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोन मेलं?"

"कोन न्हाई. मी आलोय."

"ये, बस. म्हशीला विनोद सांगून सांगून कटाळलो. ती हसत न्हाई."

आबांनी तालमीतला सगळा प्रकार सांगितला. ऐकता ऐकता तात्यांचा हात थांबला.

"सांगायची काय गरज हुती?" ते म्हणाले.

"तू का न्हाई सांगितलंस इतकी वर्सं?"

"आरं, ते सांगून मी मोठा झालो असतो, पर तू बारका झाला असतास. मग लोकांनी म्हटलं असतं, तात्या कुनाशी लढला, तर लुळ्याशी. माझी तरी काय इज्जत ऱ्हायली असती?"

"आन् त्या दिवशी हात का सोडलास?"

"दुखरा हात वढून पाडला असता, तर मी दुखन्याला पाडलं असतं. तुला न्हवं. मला तुला पाडायचं हुतं."

"पाडला न्हाईस की."

"अंधार पडला म्हणून वाचलास!"

"खोटं!" आबा म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी दोघेही हसले.

गणपतीला पुन्हा दोन खुर्च्या लागल्या. सुपारी निम्मी-निम्मी. गुरुजींनी बदल एकच सुचवला: डाव्या हाताची गोष्ट कार्यक्रमात घ्यावी, पण ती आबांनीच सांगावी. आबा सांगू लागले की तात्या मध्येच ओरडायचे, "खोटं! मला तवा दिसतच न्हवतं, डोळ्यांत माती गेली हुती!" लोक हसायचे. पण खरं कोण बोलतंय हे न सांगताही त्यांना कळायचं.

तालमीतल्या वस्तादांनी ही गोष्ट आपल्या पोरांसाठी ठेवून दिली आहे. नवं पोर पहिली कुस्ती मारून नाचत आलं आणि हरलेल्याची टिंगल करू लागलं, की ते त्याला समोर बसवून ती सांगतात. शेवटी म्हणतात, जोर-बैठका एकट्याला काढता येतात, कुस्ती एकट्याला करता येत नाही. आपण जिंकलो हे सांगायलाही समोर कुणीतरी होता हे कबूल करावं लागतं. तो माणूस ऐकायला हजर नसेल, तेव्हा त्याच्या वाटणीचं खरं बोलणं आपल्यावर उधार असतं. कारण त्याने आपला कुठला दुखरा हात सोडून दिला होता, हे बाकी कुणाला ठाऊक नसलं तरी आपल्याला ठाऊक असतं.