गल्ल्यावरून आलेला होकार

हुज्जत घालणारं गिऱ्हाईक मुळातच तसलं असतं, अशी आपली पक्की समजूत असते. मला ती पटत नाही. त्यातली बरीचशी हुज्जत दुकानच शिकवतं.

लग्नसराई ओसरली की साड्यांच्या मोठ्या दुकानांत हा प्रसंग हमखास घडतो. एक बाई आठवड्यापूर्वी नेलेली काठपदराची साडी परत करायला येतात. रंग पसंत नाही म्हणतात. काउंटरवरचा मुलगा घडी उलगडतो. फॉल लागलेला, निऱ्यांच्या जागी चुण्या, पदराला अत्तराचा वास. "ताई, फॉल-पिको झालेली साडी परत घेता येत नाही," तो हळूच सांगतो. हा नियम त्याचा नाही, बिलामागे छापलेला आहे. बाईंचा आवाज चढतो. बोलायची रीत नाही तुला, मालकाला बोलाव, नोकरीच घालवते तुझी! आजूबाजूचे वळून बघतात. मग गल्ल्यावरून शेठ उठून येतात. "अहो मॅडम, एवढं काय त्यात, द्या इकडे," म्हणत साडी बदलून देतात आणि सगळ्यांदेखत मुलालाच झापतात.

गिऱ्हाईक राखलं, असं शेठना वाटतं. पण नियम फक्त हळू बोलणाऱ्यांना लागू असतो, हे बाई त्या पाच मिनिटांत शिकल्या. मुलाला कळलं की मालकाचा नियम पाळण्याची शिक्षा त्यालाच होणार. आणि आदल्या दिवशी तेच उत्तर ऐकून मुकाट परत गेलेल्या सभ्य माणसावर तर सरळ अन्याय झाला. त्याचा विचार कुणीच करत नाही, याची मला फार खंत वाटते.

ग्राहकाने तक्रार करूच नये, असं मी म्हणत नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, ती वजन-मापापासून भेसळीपर्यंत खरी लूट होत होती म्हणूनच. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. उसवलेल्या काठासाठी भांडणारी बाई रास्तच भांडते. नेसून झालेली साडी खपवणारी नाही.

काउंटरमागच्या माणसाच्या बाजूने मात्र कायदे फार उशिरा बोलू लागले. दिवसभर उभं राहणाऱ्या सेल्सवूमनना बसायला मिळावं म्हणून केरळने २०१८ मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही कापड दुकानांतल्या बायकांच्या लढ्यानंतर. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. टोकियोत १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांच्या छळाविरुद्ध अध्यादेश लागू आहे. त्यात दंडाची तरतूद नाही, पण असं वागणं गैर आहे हे शहराने लिहून ठेवलं, हेही मला मोलाचं वाटतं.

आपल्या दुकानदारांना त्यासाठी विधानसभेची वाट बघायची गरज नाही. सवलत द्यायचीच असेल तर ठरावीक रकमेपर्यंतचा अधिकार त्या मुलालाच द्यावा. मग होकारही त्याच्याच तोंडून येईल आणि नकारही. आणि त्याने नकार दिला असेल, तर शेठनी गल्ल्यावरून उठून यावं, त्याच्या शेजारी उभं राहावं आणि तेच उत्तर तितक्याच नम्रपणे पुन्हा द्यावं.