हे वचन कोणत्या वाटेने आलं?

गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला. पलीकडे बालाघाट आणि राजनांदगाव. त्यामुळे बाजारात हिंदी चालते, शाळेत मराठी, गावाकडे पोवारी, आणि बऱ्याच मुस्लिम घरांत थोरल्यांची उर्दू. अरबी जाणणारे मोजकेच. इथे कुराण किंवा हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, वाचावीशी वाटली, तर वाचणारा मुसलमान असो वा नसो, त्याला अनुवादाचाच आधार घ्यावा लागतो. ज्याला मूळ भाषा येत नाही त्याने विश्वासार्हतेच्या फंदात पडू नये, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. धानाची जमीन घेताना मातीतलं फारसं कळत नसलं, तरी आपण सातबारा आणि फेरफार बघतोच. ग्रंथ कोणाच्या हातून, कोणत्या भाषेतून आपल्यापर्यंत पोहोचला, हेही तसंच बघता येतं.

मराठीतला ‘दिव्य कुरआन’ घ्या. इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टने काढलेला हा अनुवाद मौलाना मौदुदींच्या उर्दूवरून झालेला आहे. म्हणजे अरबीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत. मौदुदींचा जन्म १९०३ सालचा, आपल्याच औरंगाबादचा. १९४१ मध्ये त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘तफहीमुल कुरआन’ हा उर्दू अनुवाद आणि विवरण लिहायला घेतलं. ते काम १९७२ पर्यंत चाललं. आपण शब्दाला शब्द ठेवलेला नाही, आशय मोकळेपणाने उर्दूत मांडला आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे. यात लपवाछपवी काही नाही. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांच्या दोन मुलांनीही दोन वाटा धरल्या होत्या: शाह रफीउद्दीन अरबी शब्दरचनेला चिकटून राहिले, तर शाह अब्दुल कादिर बोलत्या भाषेच्या ओघाने गेले. दोन्ही अनुवाद आजही मानाने वाचले जातात. अडचण होते ती प्रस्तावना न वाचता मौदुदींचं विवरण हेच मूळ वचन समजणाऱ्यांची.

आवृत्तीही पाहावी. अब्दुल्ला युसुफ अलींचा इंग्रजी अनुवाद १९३४ पासून लाहोरला भागाभागांनी निघू लागला. ते १९५३ मध्ये वारले. पुढे सौदी अरेबियातून निघालेल्या सुधारित आवृत्तीत त्यांच्या टिपांमध्ये बदल झाले, काही मजकूर गळला. 

विदर्भातल्या वाचकाला विनोबांचं ‘कुराण-सार’ जवळचं. मुळातून वाचता यावं म्हणून ते पवनारला अरबी शिकले, आणि वचनांची विषयवार निवड करून १९६२ मध्ये ते पुस्तक आलं. पुस्तक निघण्याआधीच पाकिस्तानातून त्यावर टीका झाली. मला विनोबांची मेहनत फार मोलाची वाटते. पण ती निवड आहे, आणि निवडणाऱ्याचं मन निवडीत उतरतंच. म्हणून ते वाचताना शेजारी पूर्ण कुराण ठेवावं आणि निवडलेल्या वचनाच्या आगेमागे काय आहे ते बघावं.

खरी कसोटी लागते ती हदीसींच्या बाबतीत. पैगंबरांचं वचन कोणी कोणाकडून ऐकलं, त्या नावांच्या साखळीला इस्नाद म्हणतात, आणि मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसींच्या अभ्यासकांनी, या साखळीतला एकेक माणूस पारखलेला आहे. नवव्या शतकातल्या इमाम तिरमिझींचा संग्रह उघडला की वचन संपताच बहुतेक ठिकाणी त्यांचाच शेरा दिसतो: ही सहीह म्हणजे अस्सल, ही हसन म्हणजे चांगली, ही एकाच वाटेने आलेली म्हणून गरीब, इथला अमुक सांगणारा कच्चा. मात्र आपल्याकडे मिळणाऱ्या छोट्या हिंदी-मराठी पुस्तिकांत अनेकदा साखळी जाते, शेराही जातो आणि कंसात ‘तिरमिझी’ एवढंच उरतं. ज्या माणसाने शंका नोंदवली, त्याचंच नाव त्या वचनाची हमी होऊन बसतं. एवढा मोठा अन्याय त्या इमामावर दुसऱ्या कोणी केला नसेल.

ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, अशा अर्थाचं वचन भाषणांतून नेहमी कानावर पडतं. सहा प्रमुख हदीससंग्रहांत ते नाही. बाराव्या शतकातल्या इब्न अल-जौझींनी तर ते बनावट हदीसींच्या ग्रंथात घातलं. ज्ञान मिळवणं हे कर्तव्य आहे, या आशयाची हदीस इब्न माजाच्या संग्रहात आहे. तिच्या साखळीवरही चर्चा झाली, पण ती अनेक वाटांनी आलेली असल्यामुळे बऱ्याच विद्वानांनी स्वीकारली. सलोख्याच्या कार्यक्रमात चीनचं वचन कुणी म्हटलं की टाळ्या पडतात, आणि तिथे ‘आधार काय?’ असं विचारणं अवघड जातं. तरीही विचारायला हवं. कारण हाच प्रश्न आपल्याला, मुसलमान किती क्रूर हे दाखवण्यासाठी व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका ओळीच्या हदीसीलाही विचारायचा आहे. त्या ओळीखाली ‘बुखारी’ हे हदीससंग्रहाचं नाव आणि एक आकडा असतो. पण क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. पाठवणाऱ्याकडे प्रकरणाचं नाव मागितलं, तर बहुधा उत्तर येत नाही.

मराठीत हदीसींचं पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकांकडे माझं मागणं आहे: पानं वाढली तरी चालतील, किंमत वाढली तरी चालेल, तिरमिझींचे शेरे गाळू नका. आणि अनुवाद अरबीवरून केला की उर्दूवरून, ते पहिल्याच पानावर, अनुवादकाच्या नावाखाली छापा.